पद्मिनबाईंचा नेमाचा तांब्या

मंडळी, जरा सरकून बसा, दारातल्यांना आत येऊ द्या. आणि मला एक सांगा – देणाऱ्याला पुण्य लागतंच का? काका, तुम्ही लगेच मान डोलावताय. थांबा, घाई नको, आधी ऐका!

लातुरात एक पद्मिनबाई. वय अडुसष्ट, तिसऱ्या मजल्यावर मुलासुनेजवळ राहायच्या. बाईंचा नेम असा, की अंघोळ झाली की एक तांब्या पाणी झाडाला, मगच चहा. चाळीस वर्षं चुकला नाही. आणि मग आला तो उन्हाळा! टँकर दहा दिवसांनी. गुलाब गेला, मोगरा गेला, शेवटी रोजचा तांब्या घालूनही तुळससुद्धा उन्हानं करपली. आता तांब्या घालायचा कुणाला? बाईंनी चहा सोडला! – हसू नका, एक दिवस सोडून बघा. चौथ्या दिवशी बाईंचं डोकं असं ठणकलं, की उठवेना.

सून स्वरूपा मोठी गुणाची. नर्सरीतून अकरा कुंड्या घेऊन आली. बुटकी झाडं, पानं कशी – गुबगुबीत! सक्युलंट म्हणतात त्यांना. पाणी पानातच साठवून ठेवतात.

"आई, दुष्काळात हीच टिकतात," सून म्हणाली. "पंधरा दिवसांतून एकदा घोटभर पाणी, बस."

"मग मी चहा काय पंधरा दिवसांतून एकदा पिऊ?"

"रोज नुसते हात जोडा. देवाला चालतं."

पण ऐकतील तर त्या पद्मिनबाई कसल्या! सून ऑफिसला निघाली, की या गॅलरीत. अंघोळीआधीच चांगलं पाणी बाजूला काढून ठेवायचं आणि दिसेल त्या कुंडीत ओतायचं. वर मायेनं म्हणायचं, "पी रे बाळा." मग चहा!

तीन आठवड्यांत पानं पिवळी, देठ मऊ. बोट लावलं की झाड हातात! दहा झाडं सडली, मंडळी. अख्ख्या गावाचा घसा कोरडा, आणि आमच्या बाईंची झाडं बुडून मेली! वाचलं एकच – कपड्यांच्या स्टँडमागे राहिलेलं. ते मात्र टवटवीत, शेजारी दोन पिल्लं फुटलेली.

बाई तिथंच बसून रडल्या. "मीच मारली गं," सुनेला म्हणाल्या. "त्यांना तहानच नव्हती, आणि मी आपली ओततेय."

दुसऱ्या दिवशी अंघोळ झाली. हातात भरलेला तांब्या, आणि घालायला जागा नाही. काय करावं सुचेना, म्हणून दार उघडून उभ्या राहिल्या. जिना झाडणारी शेवंताबाई वरचे मजले झाडून दारासमोरच्या पायरीवर टेकलेली, पदरानं तोंड पुसत होती. बाईंनी तांब्या पुढे केला. तिनं एका दमात रिकामा केला.

"सहा वर्षं झाली मावशी, या जिन्यात," ती म्हणाली. "पाणी आज पहिल्यांदा मिळालं."

 पद्मिनबाई आत गेल्या आणि दोघींचा चहा टाकला. नेम पुरा झाला होता.

आता मंडळी, तुमच्याकडे वळतो. भरल्या पोटाला आग्रह करकरून वाढतो आपण. ठीक आहे. पण तुमचा जिना कोण झाडतं? नाव सांगा... का हो, नाही ना माहीत? मग उद्या सकाळी तिलाच विचारा, आणि विचारायला रिकाम्या हातानं जाऊ नका.