सरपंच कॉफी प्यायला

(पूर्व स्लोव्हाकिया. गावाबाहेरची रोमा वस्ती. पंचायतीच्या निवडणुकीच्या निकालानंतरची सकाळ. गेझा, वस्तीचा मुखी. रेनाटा, त्याची सून.)

रेनाटा : ...उन्हाळ्यातच म्हणाला होतात तुम्ही, बाबा. 'उभी राहा, पण ते गोरे आपल्यातलेच आणखी उभे करतील.' मी म्हटलं, करू देत, कोण जातंय त्यांच्या नादी.

गेझा : गेले की. निम्मी वस्ती उमेदवार.

रेनाटा : गावात मतं आपली जास्त. आणि पंचायतीत आपलं एक माणूस नाही. कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

गेझा : मला नाही वाटत. ज्यानं त्यानं घरच्याला मत दिलं, सोयऱ्याला दिलं. तुला काय उरणार?

रेनाटा : पण मी दारोदार सांगत होते ना कशासाठी उभी आहे ते. शाळेत आपल्या पोरांना मागच्या दारानं घेतात, वर्ग वेगळा, जेवण वेगळं. पंचायतीत बसून ते बंद करायचं. सगळे माना डोलवत होते.

गेझा : मान डोलवायला काय लागतं? तू गेलीस की मागून सरपंच यायचा. घरात बसून कॉफी प्यायचा.

रेनाटा : कॉफी?

गेझा : इतक्या वर्षांत कुणा गोऱ्यानं आपल्या कपाला ओठ लावलेला पाहिलायस? पाणी नको असतं त्यांना आपल्याकडचं. आणि हा मार्गिताकडे खुर्ची ओढून बसला, वर साखर मागून घेतली. म्हणाला, 'मार्गिताबाई, तुमच्यासारखं माणूस हवं पंचायतीत.'

रेनाटा : एका कपात विकल्या गेल्या वन्सं.

गेझा : विकली काय गं? पैसा नाही शिवली ती. तुला कॉलेजात बाई म्हणत होते. माझ्या पोरीला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

रेनाटा : तुमच्याकडे आला होता?

गेझा : आला. मी कॉफी टाकलीच नाही.

रेनाटा : मग तो सगळीकडे तेच बोलतोय, हे लोकांना का नाही सांगितलंत? मुखी ना तुम्ही?

गेझा : म्हणाले असते, म्हातारा सुनेसाठी बोलतोय. दुसऱ्या घरची असतीस तर सांगितलं असतं.

रेनाटा : म्हणजे तुमची सून झाले हेच चुकलं.

गेझा : चार वर्षांनी परत आहे की.

रेनाटा : तोवर माझी सारा चौथीत असेल, बाबा. सप्टेंबरात माझा हात धरून त्या मागच्या दारानं आत जायचंय तिला. ती विचारणार, पुढचं दार कुणाचं? ...सारा, चिखलात नको, वर ये. ...कॉलेजात सगळं शिकवलं, मताचा हक्क न् काय काय. कॉफीचं कुणी बोललं नाही.

गेझा : दुसऱ्या गावची शाळा बघ.

रेनाटा : आणि इथली बाकीची? वन्संचा मारेकही त्याच वर्गात जाणार. ते सांगितलं का सरपंचानं साखर ढवळताना?

गेझा : तिलाच जाऊन विचार.

रेनाटा : गेले होते मघाशी. दार उघडलं नाही. काल त्यांचा नवरा पिऊन सगळ्यांसमोर बरळला, मी बायकोला नाही, रेनाटाला मत दिलं म्हणून. अख्खी वस्ती हसली.

गेझा : तू?

रेनाटा : मीही. ...एवढ्या थंडीत आज त्यांच्या धुराड्यातून धूर नाही.

गेझा : राग गेला वाटतं.

रेनाटा : कुठला जातोय. पण तुम्ही त्या बाजूला निघालात तर जरा डोकावून या. मी पाठवलं म्हणू नका.