चौकातल्या चिंचेच्या चार ओळी

मंडळी, काकू, सरपंचभाऊ, सगळे आलात. मी कागदावरून वाचतो आहे. पाठ करून बोललो असतो तर मधले एखादे वाक्य गाळले असते, आणि नेमके तेच सांगायचे होते असे झाले असते.

मंगळवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मी ग्रामपंचायतीचे कुलूप उघडत होतो. महादेवभाऊ सायकलवरून ओरडत गेले, “शामराव सुतार गेले रे!” मी उघडलेले कुलूप पुन्हा लावले. मग वाटले, लावले कशाला? पुन्हा उघडले. किल्ली दोनदा खाली पडली.

आज या शोकसभेत सगळ्यांनी सांगितले की शामकाकांचे झाडांवर फार प्रेम होते. मंडळी, काका सुतार होते. त्यांनी जन्मभर झाडे पाडली. तुमच्या तिफणी, वखरे, दाराच्या चौकटी कशाच्या आहेत? प्रेमाच्या नाहीत. बाभळीच्या आणि सागाच्या आहेत.

पण त्यांचा एक नेम होता, तो सगळ्या गावाला ठाऊक आहे. ज्या झाडाला कुऱ्हाड लावायची, त्या झाडासाठी आधी चार ओळी. आदल्या संध्याकाळी त्याच्या बुडाशी जाऊन बसायचे. सकाळी डावा हात खोडावर ठेवून ओळी एकदा म्हणायचे, मग घाव. ओळी आल्या नाहीत तर झाड उभे.

लोक चिडायचे. पेरणी तोंडावर आली की महादेवभाऊच म्हणायचे, “शामराव, तुमची ओळ काय मालेगावच्या बसनं येऊन राह्यली का? कायले एवढा उशीर?”

काका म्हणायचे, “बस तरी येते रे बापा. हे येत नाही. तू दुसरी बाभूय पाह्य.”

काकांना लिहिता येत नव्हते. मी नववीत शाळा सोडली, पण माझे शुद्धलेखन चांगले होते, म्हणून ते मला सांगायचे आणि मी वहीत उतरवायचो. एकेक शब्द दोनदा तपासायचो. ते हसायचे, “तू तं झाडाले बी वेलांटी देशीन.” महादेवभाऊंच्या शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीच्या ओळी या वहीत आहेत, वाचतो.

बाभळी, तुले काटे, मले घट्टे,
दोघायचीही साल जाड.
उद्या येतो, धार लावून येतो,
दुखवून नाही पाडत झाड.

यात बाभळीची स्तुती आहे का? माफी आहे का? काका झाडाला फसवत नव्हते. मी तुझे काय करणार आहे, ते तोंडावर सांगायचे. ते सांगायला शब्द सापडले नाहीत, तर ते काम करायचे नाही. कविता म्हणजे काय, हे मला शाळेने सांगितले नाही. या ओळींनी सांगितले.

आता माझ्या मागे बघा. काकांच्या फोटोखाली फ्लेक्सवर ज्या ओळी छापल्या आहेत, त्या वाचतो.

जा गं माये चिंचबाई,
तुझी सावली सरली,
गावासाठी देह दिला,
तुझी कीर्ती मागे उरली.

या ओळी काकांच्या नाहीत. माझ्या आहेत.

सरपंचभाऊ, बसा. मला बोलू द्या. बोलून झाले की मीच खाली उतरतो.

दोन वर्षांपूर्वी इथे सभामंडप मंजूर झाला. आपण बसलो आहोत तो हाच. मध्ये चिंच येत होती. तिच्याखाली चार बैलगाड्या सोडता यायच्या, तुम्हाला आठवत असेल. सगळे काकांकडे गेलात. काका तिच्या बुडाशी एक संध्याकाळ बसले, दुसरी बसले, अकरा संध्याकाळी बसले. म्हणाले, “नाही येत. मंडप तिकडं बांधा, शाळेमांगं.”

जागा होती. पण शाळेमागे बांधलेला मंडप रस्त्यावरून दिसला नसता.

मग काका डोळ्याच्या ऑपरेशनला वाशीमला गेले. त्या दिवशी, सरपंचभाऊ, मला तुमचे बोलावणे आले. “तुले त्याईची पद्धत माहीत हाय. चार ओळीसाठी गावाचं काम अडवतं का? आन् ग्रामपंचायतीत दाखले टाइप कराले एक पोरगा पाहिजेच हाय.”

मी एका दुपारात लिहिल्या. ग्रामसभेत उभा राहिलो आणि म्हणालो, काकांनी दवाखान्यातून फोनवर सांगितल्या. तुम्ही टाळ्या वाजवल्या.

मंडळी, मी तुम्हाला विचारतो. तुम्हाला ओळखू आले नाही? सगळा जन्म तुम्ही त्यांच्या ओळी ऐकल्या. ते कधी कोणत्या झाडाला माये म्हणाले होते? कोणत्या झाडाला कीर्ती दिली होती? झाडाने देह दिला म्हणे! दिला की आपण घेतला? तुम्हाला ओळखू आले होते. मी वर उभा होतो, मला तुमचे चेहरे दिसत होते. मला खोटे लिहायचे होते आणि तुम्हाला ते ऐकायचे होते. दुसऱ्या दिवशी झाड कापायचे मशीन आले. डावा हात कोणीच ठेवला नाही. मीही नाही.

काका काळा चष्मा लावून बसमधून उतरले. चौकात थांबले. मोकळे ऊन बघत राहिले. मग म्हणाले, “कोणं देल्ल्या ओळी?”

मी पुढे झालो.

“म्हण.”

मी म्हटल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकल्या.

“वेलांट्या बरोबर हायेत ना?”

“हो काका.”

“मंग झालं.”

ते शिव्या देतील म्हणून मी वाट पाहत होतो. अजून पाहतो आहे.

त्यानंतर त्यांनी कुऱ्हाड धरली नाही. लोक विचारायचे, “काहून हो शामराव, काम सोडलं?” ते म्हणायचे, “गावाले आता दुसरा कवी भेटला.” तुम्ही हसायचात. काकू, तुम्ही हसत नव्हता. तुम्हाला घरात ते बसलेले दिसत होते. मी तुमच्या दारापर्यंत किती वेळा येऊन परत गेलो, ते तुम्हालाही माहीत आहे.

आता त्यांच्या कवितांचे पुस्तक निघणार आहे. टायपिंग माझ्याकडे दिले आहे, आणि पहिल्या पानावर या चिंचेच्या ओळी घ्या असे सांगितले आहे. मी घेणार नाही. उद्यापासून दाखले दुसऱ्या कोणी टाइप केले तरी चालेल. त्या ओळी छापायच्याच असतील तर माझ्या नावाने छापा. खाली लिहा, यानेच चिंच पाडली.

मागच्या पोळ्याला काका स्वतःहून माझ्याकडे आले होते. म्हणाले, “वही काढ. वर लिही, चौकातली चिंच. खालती जागा सोड.” मी लिहिले, जागा सोडली. त्यानंतर दर शनिवारी यायचे, माझ्यासमोर बसायचे, मी पेन धरून बसायचो. चहा घ्यायचे आणि उठायचे. गेल्या शनिवारीही आले होते. जाताना म्हणाले, “नाही आली.”

हे ते पान. मी असे वर धरतो. मागच्यांना दिसत नसेल, पण दिसण्यासारखे काही नाही. चौकातली चिंच, एवढेच आहे. बाकी कोरे.

श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटे उभे राहायचे ठरले आहे. उभे राहा. डोळे मिटू नका. या पानाकडे बघा. काकांनी चिंचेबद्दल जे सांगितले, ते एवढेच आहे.