मुळासकट

(तारकर्ली. पिंटोंच्या घराची पडवी, दुपार. निवृत्त शिक्षिका इमेल्डा पिंटो चष्मा लावून छापील पानं वाचत आहेत. शेजारी त्यांचे पती सांतान, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. समोर दीपिका. ती मालवणच्या कॉलेजातलं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, सांभाळते, आणि लहानपणी इमेल्डा टीचरांच्याच वर्गात होती.)

इमेल्डा : 'अ‍ॅलन सांतान पिंटो या तरुणाने विज्ञानासाठी आपले प्राण अर्पण केले.' हे वाक्य कोणी लिहिलं?

दीपिका : टीचर, हा संग्रहाच्या माहितीपुस्तिकेचा कच्चा मसुदा आहे. कार्यक्रमाच्या समितीपुढे जाऊन मग...

इमेल्डा : कोणी लिहिलं, ते विचारलं मी.

दीपिका : मी लिहिलं.

इमेल्डा : तुला मीच शिकवलं ना गं लिहायला? अर्पण करणं म्हणजे काय? स्वतःच्या मनानं देणं. माझ्या मुलानं काही दिलं नाही कुणाला. तो शेवाळ आणायला गेला आणि बुडाला. विज्ञानासाठी म्हणे.

सांतान : इमेल्डा, पोरगी उनातसून इली आसा. जरा हळू.

इमेल्डा : हळूच बोलतेय. मी ओरडले असते तर शेजारी गोळा झाले असते आत्तापर्यंत.

दीपिका : टीचर, माझ्या मनात वाईट काही नव्हतं. संग्रह कोणाकोणामुळे उभा राहिला, हे लोकांना ठाऊकच नाही. सुरुवात एका पाद्रींनी केली, चर्चच्या मागच्या कातळाच्या सड्यावरची झाडं वाळवून. मग अब्दुलमिया. त्यांच्या रापणीच्या जाळ्यात मासळीबरोबर जे शेवाळ यायचं, ते ओल्या गोणपाटात बांधून कॉलेजात पाठवून द्यायचे, आयुष्यभर. मग वनस्पतिशास्त्राच्या परुळेकर मॅडम आणि त्यांचे विद्यार्थी, अ‍ॅलनदादासुद्धा. प्रत्येकाबद्दल थोडं थोडं लिहिलंय. अ‍ॅलनदादाला वगळलं असतं तर ते बरोबर झालं असतं का?

इमेल्डा : आणि संग्रहाच्या खोलीला नाव कोणाचं देताय?

दीपिका : ते तुम्हाला कळलंय.

इमेल्डा : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

दीपिका : सीता परुळेकर मॅडमचं. येत्या रविवारी कार्यक्रम आहे. तुम्ही दोघांनी पुढच्या रांगेत बसावं, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. दादानं आणलेलं शेवाळ ज्या कागदावर वाळवून चिकटवलंय, ती शीट काचेत लावणार आहोत. तुमच्या हातून ती...

इमेल्डा : माझ्या हातून. तिच्या नावाच्या पाटीखाली उभं राहून माझ्या मुलाच्या मरणावरचा पडदा मी ओढायचा, आणि तुम्ही टाळ्या वाजवायच्या.

दीपिका : टीचर, तसं नाही ते.

इमेल्डा : कसं आहे, ते मी सांगते तुला. त्या दिवशी तू माझ्या वर्गात होतीस. आठवतं का?

दीपिका : आठवतं. तुम्ही फळ्यावर कविता लिहीत होता. शिपाई दारात आला, तुम्ही खडू ठेवला नाही. खडू हातात घेऊनच बाहेर गेलात.

इमेल्डा : शिपायानं एवढंच सांगितलं, की मुलाला लागलंय. खरं काय झालं ते नंतर शिवा सांगून गेला. तो अ‍ॅलनच्याच वर्गातला, त्याच्या बरोबर होता. इथंच, या पायरीवर उभा राहून बोलला. आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, मालवणात राजकोट किल्ल्याकडच्या खडकांवर काम संपलं होतं. पाणी फिरलं होतं, भरती लागली होती, पोरं पिशव्या उचलून किनाऱ्याकडे निघाली होती. अ‍ॅलनला तांबडं शेवाळ मिळालं होतं, पण वरून तुटलेलं. मॅडमनी हातात घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, तुकडा चालत नाही, मुळासकट हवं. शिवा म्हणाला, मॅडम, पाणी चढतंय. त्यावर काय म्हणाल्या ठाऊक आहे? पिंटो इथलाच आहे, त्याला पाणी कळतं.

दीपिका : शेवाळाला मूळ नसतं. पकड म्हणतात तिला.

इमेल्डा : काय?

दीपिका : काही नाही. सवयीनं बोलून गेले. माफ करा.

इमेल्डा : नाही, नीट सांग. मूळ नसतं?

दीपिका : खालचा भाग नुसता खडकाला धरून राहतो. पण तो असल्याशिवाय जात नक्की ओळखता येत नाही. म्हणून तो हवाच असतो.

इमेल्डा : बरं. म्हणजे मूळही नव्हतं. नुसत्या पकडीसाठी गेला.

सांतान : पुरे कर गो.

इमेल्डा : कित्याक पुरे? तिका कळूक होया. ऐक दीपिका. तो परत गेला. शेवाळ काढलं, पिशवीत घातलं, पिशवी शिवाकडे फेकली. शिवानं ती झेलली, आणि वर बघितलं तर खडकावर कोणी नव्हतं. त्या संध्याकाळी वायरीच्या, देवबागच्या सगळ्या होड्या पाण्यात होत्या. अब्दुलमियांनी रापण तशीच किनाऱ्यावर टाकून आपली माणसं शोधायला घातली. आणि तुझ्या मॅडम कुठं होत्या? कॉलेजात. ट्रेमध्ये पाणी घेऊन ते शेवाळ कागदावर पसरत होत्या. काडीनं एकेक फांदी सरळ करत होत्या.

दीपिका : सकाळपर्यंत ते कुजलं असतं, टीचर.

इमेल्डा : आणि माझा मुलगा?

सांतान : पोरी, तू पाणी पी.

दीपिका : नको, काका. टीचर, तुमचा राग मी समजू शकते असं म्हणणार नाही. पण मॅडमनी त्यानंतर एकही वर्ग खडकांवर नेला नाही. त्यांच्या स्वतःच्या हातचा शेवटचा नमुना तोच. रिटायर झाल्यावरही त्या यायच्या, कपाटांतल्या डांबरगोळ्या बदलायला, पावसाळ्यात बुरशी पुसायला. त्या तुमच्या दाराशी आल्या होत्या. तुम्ही त्यांना फाटकातून परत पाठवलंत.

इमेल्डा : पाठवलं. परत आली असती तर परत पाठवलं असतं. ती मेली तेव्हाही मी गेले नाही, आणि तेवढ्यासाठी मला पश्चात्तापही झालेला नाही.

दीपिका : मग निदान संग्रहावर तरी राग काढू नका. कॉलेजला ती खोली हवी आहे, कॉम्प्युटर लावायला. छत गळतंय, दुरुस्तीचा अर्ज दिला की म्हणतात, वाळका पाला कोण बघतं? जुने विद्यार्थी मॅडमच्या नावासाठी एकत्र आलेत, म्हणून तर रविवारचा कार्यक्रम ठरला. नाव लागलं तर त्या खोलीला हात लावायला कोणी धजणार नाही. आणि तुम्ही विरोध केलात असं कळलं, तर गाव तुमच्या बाजूनं उभं राहील, कार्यक्रम मोडेल. मग सगळ्या शीट्स गठ्ठे बांधून बाहेर जातील, कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या गोदामात.

इमेल्डा : जाऊ देत. नाहीतर जाळून टाका. माझं काय जातंय?

दीपिका : जाळूक सांगतास? मगे काकांनी खंय जावचां? दर वर्साक दादा गेलो त्या दिसाक तुम्ही सिमितेरीत तेच्या थडग्यार मेणबत्ती लावक जातास, त्याच दिसाक ते आमच्याकडे येतत. कपाटाच्या फुडे खुर्ची घेवन बसतत. त्यांका सांगा जाळूक.

इमेल्डा : काय म्हणालीस?

दीपिका : मला वाटलं, तुम्हाला... टीचर, मला खरंच वाटलं तुम्हाला माहीत असेल.

इमेल्डा : सांतान, काय म्हणता ही?

सांतान : म्हणता तां खरां आसा.

इमेल्डा : माका सांगत होतंस, त्या दिसाक ड्युटी आसा. रिटायर झालंस, मगे सांगलंस गुडघो दुखता, सिमितेरीचो चढाव चढाक जमणा नाय. मी एकटी जातंय. लोक इचारतत, सांतान खंय? मी दर वर्साक लोकांका खोटां सांगतंय, तुझ्यासाठी. आणि तू तिच्या कपाटाकडे जावन बसतंस.

सांतान : होय.

इमेल्डा : तिच्या समोर बसत होतंस?

सांतान : ती कपाट उघडून देय आणि भायर जाय. ती कधी बोलाक नाय माझ्याशी. मीय तिच्याशी बोलाक नाय.

इमेल्डा : तिना पसरलेलो कागद. ज्या टायमाक मी त्या वाळूत बसान वाट बघत होतंय, त्या टायमाक तिना पसरलेलो. तो तू बघतंस. आणि तुझ्या झिलाच्या थडग्याकडे येवक तुका जमणा नाय.

सांतान : नाय जमणा.

इमेल्डा : कित्याक?

सांतान : तू बगूक नाय तेका.

इमेल्डा : तूच बघूक दिलंस नाय.

सांतान : मी दिलंय नाय. पेटी बंद करूनच घराक हाडूक मीच सांगलंय. देवबागाक गावलो, तेवा वळखूक माका नेलो. मी तेका शर्टावरसून वळखलंय. तोंडावरसून नाय. कळलां? तुका तुझो झील गेलो तेवा होतो तसोच दिसता. थडग्याकडे हुबी रवतंस, तेवा तू तेका बघतंस. मी थंय हुबो रवलंय काय माका देवबागची वाळू दिसता. पयल्या वर्साक इललंय तुझ्यावांगडा. मेणबत्ती पेटवक हात चलाक नाय. तुका वाटलां, माका तेचां कायच नाय.

इमेल्डा : वाटलां. आजपर्यंत तांच वाटत होतां.

सांतान : आणि तो कागद... तां शेवाळ तेना आपल्या हातान काढल्लां. अख्खां आसा. एक फांटी मोडूक नाय. त्या खडकार, फुडसून पाणी येता, आणि तेना इतक्या जपान काढलां तां. मी थंय बसतंय, तेवा माका तेचे हात दिसतत. बरे, पयल्यासारखे. तिना काय केलां, कित्याक केलां, तां देव बघून घेतलो. माका तिचो राग येणा नाय असां नाय. येता. तरीय मी जातंय.

दीपिका : मी निघते. हे माझ्यामुळे झालं.

इमेल्डा : बस. मी जा म्हटलेलं नाही. पेन आहे?

दीपिका : आहे.

इमेल्डा : ते अर्पणाचं वाक्य खोड. पूर्ण. आता लिही. 'अ‍ॅलन सांतान पिंटो याला भरती लागलेली असताना सीता परुळेकर यांनी शेवाळ आणण्यासाठी पुन्हा खडकावर पाठवले. तो बुडाला. त्याने आणलेले शेवाळ या संग्रहात आहे.' वाच.

दीपिका : टीचर, हे समिती छापणार नाही.

इमेल्डा : तर मग माझ्या मुलाचं नाव छापायचं नाही. कुठंच नाही, काचेखालीही नाही.

दीपिका : आणि खोलीचं नाव?

इमेल्डा : लावा तिचं. तिनं उभं केलं असेल ते तिनं उभं केलं, त्यात मी आड येत नाही. पण त्या खोलीत जो येईल त्यानं दोन्ही वाचावं.

दीपिका : मॅडमनासुद्धा कदाचित हेच...

इमेल्डा : तिला काय वाटलं असतं, ते मला ऐकायचं नाही. फोन लाव तुझ्या समितीला.

दीपिका : आत्ता?

इमेल्डा : माडाखाली जा, तिथं रेंज मिळते.

सांतान : तिच्या नोकरेचो इचार कर, इमेल्डा.

इमेल्डा : तिनं माझ्या मुलाच्या नावावर वाक्य लिहिताना विचार केला का? जा, दीपिका.

सांतान : गेली. रडत गेली.

इमेल्डा : रडांदे.

सांतान : तू बोलशीत तरी माझ्याशी?

इमेल्डा : आता नको, सांतान. आता माझ्या तोंडातसून बरां येवचां नाय.

सांतान : बरां.

दीपिका : टीचर, बोलले मी. सिद्धेश सरांशी, ते अध्यक्ष आहेत. आधी म्हणाले, कार्यक्रमाच्या तोंडावर कॉलेजची बदनामी नको. मग म्हणाले, 'पाठवले' च्या जागी 'गेला' लिहा, बाकी राहू दे. मी म्हटलं, 'गेला' लिहायचं असेल तर मजकुराखाली माझं नाव घालू नका, आणि रविवारी मीही येणार नाही. शीट्सची ओळख करून द्यायला दुसरं कोणी नाही त्यांच्याकडे. मग म्हणाले, शिवाला विचारतो. शिवा आता त्यांच्याच बरोबर समितीत आहे. त्यांनी लगेच त्याला फोन लावला, मला थांबायला सांगून. परत आले तेव्हा आवाज बदलला होता. म्हणाले, शिवा म्हणतो, मी इतकी वर्षं हेच सांगतोय, कोणी लिहून घेतलं नाही. छापा.

इमेल्डा : जसंच्या तसं?

दीपिका : जसंच्या तसं.

इमेल्डा : छापून आलं की मला आणून दाखव. त्याआधी विश्वास ठेवणार नाही मी.

दीपिका : आणते. रविवारी...

इमेल्डा : रविवारी मी येणार नाही. काचेवरचा पडदा कोणाकडूनही ओढून घ्या. आणि काच लावायचीच असेल तर उन्हापासून लांब लावा. रंग जाईल.

दीपिका : हो. येते, टीचर. येते, काका.

सांतान : बऱ्याक जा, पोरी.

इमेल्डा : फाटक लावून घे गं.

सांतान : चाय ठेवू?

इमेल्डा : नको. रंग खराच तसो रवलो आसा, काय तू उगीच सांगतंस?

सांतान : रंगाचां मी काय सांगूकच नाय तुका.

इमेल्डा : मगे सांग.

सांतान : तांबडो. कडेक जरा काळसर पडलो आसा. मदी अजून तांबडोच.

इमेल्डा : माका तो बगूचो नाय.

सांतान : मी बोलावणंय नाय.

इमेल्डा : आणि सिमितेरीत तू येवक होया, असांय म्हणाचंय नाय मी ह्या फुडे.

सांतान : बरां.

इमेल्डा : ह्या वर्साकय जातलंस थंय?

सांतान : जातलंय.

इमेल्डा : जा. पण सांगान जा.