तुळसानं खाल्लेली पुडी

ए, डुलकी नको गं! आज पाचवी हाय. सटवाई यायची हाय लेकराच्या कपाळी लिवायला, आन् तुम्ही बसल्या पेंगत! म्या म्हातारी सुईन, निम्मं गाव ह्या हातांनी जगात आनलं, म्या न्हाई पेंगत ती! सरका जवळ. गोष्ट सांगते, मग बघू कोन झोपतंय.

ऐका. ओढ्यातनं कसब्याला जायची जुनी वाट हाय ना? त्या वाटेनं गेनू निघाला. अंधार पडल्यावर निघाला, बरं का! घरी बायको राही, म्हातारी आई, आन् तान्हं पोर. पोर दिसरात किरकिरायचं. राहीला पहाटं उठून खुरपायला जायचं, आन् डोळ्याला डोळा न्हाई. तवा बाया काय करायच्या? अफू चाटवायच्या. तोंडं काय वाकडी करता? तुमच्या आज्यांनीबी चाटवलीय! तिळाएवढी बोटावर घ्यायची, की पोर गप. झोळीत टाकायचं आन् दिवसभर खुरपायचं. हौस व्हती व्हय कुनाला? पोट मागं लागलेलं.

आन् अफू काय परकी हाय? हंसे, आत्ता तू खसखशीची खीर खाल्लीस ना, अंगावर दूध यावं म्हनून? त्याच बोंडातली गं! बोंड हिरवं असताना चिरलं की चीक निघतो, ती अफू. वाळलं की आत खसखस. अगं, वाटी खाली कशाला ठेवतीस? खसखशीनं काय हुत न्हाई. खा खुशाल.

हां, तर गेनू. कसब्यात दुकानदाराला उठवून अफूची पुडी घेतली, कनवटीला लावली, निघाला माघारी. ओढ्यात उतरतोय तर पोर रडतंय! कुठं? करंजाच्या झाडामागं. गेला, बघितलं. कुनी न्हाई. चार पावलं गेला, तर रडनं पल्याडनं! अंगावर काटा आला गड्याच्या. आन् म्होरं बाई उभी. काखेत गाठोडं.

“दादा, लेकराला जरा धरता का? पाटी डोक्यावर घ्यायचीय.”

गेनू भला मानूस. धरलं. गारठलेलं गं! “उठतंय का बघा की, दादा. सकाळधरनं झोपलंय.” फडकं बाजूला केलं, तर आत काय? ओढ्यातला गोटा! टाकला गोटा आन् सुटला पळत. पळतोय, पळतोय, धाप लागली, आन् आला कुठं? त्याच करंजापाशी! परत पळाला. परत करंज! बाई तिथंच. आता मातर त्यानं पाय बघितले. उलटे!

हडळ म्हनू नकोस गं तिला! तुळसा व्हती ती. माझ्या आईच्या बरोबरीची, खुरपायला वाघीन. एकदा सकाळी सासूनं पोराला चाटवली, म्हनली सून दमलीय, तेवढाच हातभार. आन् तुळसानं बांधावर जाऊन परत चाटवली. हिनं तिला सांगितलं न्हाई, तिनं हिला इचारलं न्हाई. दोघींनी मायेनंच दिली की गं! दिस मावळला, झोळी सोडली, तर पोर उठंना. तुळसानं तिथंच ह्या ओढ्याच्या डोहात उडी टाकली. कुनाला शिव्या द्यायच्या, सांगा तुम्हीच.

तर तिनं गेनूची कनवट धरली. “घरी इचारलंस का? आधी कुनी दिली न्हाई ना?”

“माझ्या घरचं मला कळतंय! सोड!”

सोडती व्हय? ही वढती, तो वढतो. गडी रडायला लागला. “दुसरं काय बी घे बाई, पर पुडी नको! पोर रडून रडून निळं पडतंय. राही मरंल माझी!” तर तीबी रडायला लागली. रडत रडत हिसडा दिला, पुडी काढली, आन् कागदासकट तोंडात! गिळली! “आता जा,” म्हनली. “पळ. पोराला उठव जा.”

आन् समोर वाट! सरळ घराची वाट! गेनू घरी पोचला तवा कोंबडं आरवत व्हतं. दारातनंच वरडला, “हडळीनं पुडी खाल्ली!” कुनाचं ध्यान न्हाई. राही पोराचे तळवे चोळतीय, तोंडावर पानी मारतीय. म्हातारी कपाळ बडवतीय.

“तू गेलास आन् मीच चाटवली रे, राहीला न सांगता! गुडघ्यासाठी ठेवलेली माझ्याकडं. पोर तरीबी किरकिरत व्हतं, मग एकदम गपच झालं. रातभर हलवतोय!”

गेनूनं पोर उचललं, पालथं घातलं, पाठ चोळली. हाका मारल्या. काय न्हाई. परत चोळली. आन् पोरानं टाहो फोडला! असला टाहो, की गल्ली जागी झाली.  गेनू पुडी घेऊन येळेवर आला असता, तर राहीनं दुसरी चाटवलीच असती की!

म्हनून सांगते, झोपलेलं लेकरू कडेवर घेऊन त्या वाटेनं जाऊ नका. दिसाबी नको. पोर दचकतं, ताप धरतं. तुळसा वाईट न्हाई गं. पर झोपलेलं पोर दिसलं की तिला राहवत न्हाई. चिमटा काढून बघती, उठतंय का.

आन् पोर रडलं, की लई बरं वाटतं तिला.