शनिवारची पिशवी

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर जुईली बडनेऱ्याच्या बसथांब्यावर दमून बसली होती. शेजारी बसलेलं म्हातारं जोडपं अकोल्याहून, मुलाच्या घरून आलं होतं आणि नांदगावच्या गाडीची वाट पाहत होतं.

“जमुना, आता पुरे कर. दर शनिवारी तंगड्या तुटतात. गावचा बगिचा इकून टाकू.”  म्हातारा म्हणाला. “”

“अन् कोंबड्या?”

“शेजारचा बंडू नेतो म्हनते.”

“कुत्र्याले कोन नेईन? शनिवार आला का तो फाट्यावर येऊन बसते. पोरगा त्याले फ्लॅटात घेईन काय?”

“नाई घेत. पन तूच म्हनत होती ना, थकली म्हून?”

“थकलीच. पन जाऊन नाई थकली जी. रविवारी वापस येऊन थकली.”

तेवढ्यात गाडी आली. म्हाताऱ्याने पिशवी उचलली आणि तो थबकला.

“एवढी जड काहून? काय भरलं हिच्यात?”

“माह्ये सारे लुगडे हायेत. मी आता तिथंच राहीन.”

“अन् मी?”

“तुमचे कपडे खालच्या बाजूनं हायेत. चढा आता.”

दोघांना ती पिशवी पायरीवर चढवेना, तेव्हा जुईलीने उठून एक बंद धरला.