तळ्याकाठचा फ्लॅट

महानंदाअक्का फ्लॅट विकायला बेंगळुरूच्या नोंदणी कार्यालयात बसल्या होत्या. घेणारं पुण्याचं जोडपं त्यांच्याशी हिंदीत बोले. त्यांना कळणार नाही म्हणून आपसात मात्र बिनधास्त मराठीत भांडत होतं.

"तनय, नको घेऊया."

"आत्ता? मैत्रेयी, नंबर येईल आपला!"

"मी इतिहासाच्या वर्गात काय शिकवते? जुनी माणसं पाण्याकाठी वसली, पण पूर चढणार नाही अशा उंचवट्यावर."

"पाच हजार वर्षांपूर्वीचं इथे आणू नकोस."

"बेंगळुरूला मोठी नदी नाही. तळी खोदून हे गाव जगलं. आपली बिल्डिंग बुजवलेल्या तळ्यात असली तर?"

"मग विचार त्यांना."

"त्या कशाला खरं सांगतील? त्यांना विकायचंय."

नंबर पुकारला. तनय उठला.

"चलिए, अक्का."

महानंदाअक्का बसूनच राहिल्या.

"स्वल्प, थोडं थांब, पोरी," त्या मराठीत म्हणाल्या. "बिल्डिंग उभी आहे ना, त्याच तळ्यात माझे सासरे म्हशी धुवायचे."