मामाले एसटी, स्टेपनीले सीट

गाडीत वूफर बसवाचा असन तं माह्यं आयका. मी तो डिक्कीत, स्टेपनीच्या खड्ड्यात बसवला. मंग पोरगी पाहाले अमरावतीहून अकोल्याले निघालो, तं बाबा अडून बसले, "स्टेपनीबिगर गाडी गावाबाहेर जानार नाही!"

डिक्कीत संत्र्याच्या पेट्या. म्हनून स्टेपनी मागच्या सीटवर, आई अन् बहिनीच्या मधात बसली, बेल्ट लावून. ती जागा मामाची होती.

मामा भडकला. "टायरले सीट अन् मले एसटी? कावून?"

बाबा म्हने, "तुमी पंक्चरले कामी पडता का?"

मूर्तिजापूरच्या पुढं टायर बसला. बाबा खुश! "पाह्य, म्हनलं होतं का नाही?" स्टेपनी उतरवली, अन् मंग आठवलं. जॅक बी त्याच खड्ड्यात राहे. वूफर बसवताना काढला, तो घरीच राहिला.

तेवढ्यात बाजूनं एसटी गेली. खिडकीतून मामा हात हालवून राहिला होता.

आमी मदतीची वाट पाहूनच राहिलो होतो, तं मामाचा फोन आला. "माह्ये पोहे खाऊन झाले. पोरीनं इचारलं, मुलगा कुठं हाय? मी सांगतलं, रस्त्यात गाडी उभी करून गाने आयकून राहिला."